ताळा ट्रॅकवरच होतो

२३ फेब्रुवारी २०२२ रोजी बार्सिलोनाजवळच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या संघांनी नव्या नियमांनुसार बांधलेल्या गाड्या प्रथमच एकत्र बाहेर काढल्या, आणि सरळ रस्त्यावर वेग चढताच त्यांतल्या बऱ्याच गाड्या खालीवर उसळू लागल्या. रस्ता गुळगुळीत होता, चाके जमिनीवर होती, तरी चालकाचे हेल्मेट खडबडीत रस्त्यावरच्या एसटीत बसलेल्या प्रवाशाच्या डोक्यासारखे हलत होते. या गाड्यांवर जगातले नामांकित वायुगतिकीतज्ज्ञ वर्षाहून अधिक काळ राबले होते. वातबोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये, प्रतिकृती ठेवून त्यांनी एकेका वळणाचे परिणाम मोजले होते आणि संगणकावर हजारो वेळा हवा वाहवून पाहिली होती. तरीही हे उसळणे इतके तीव्र असेल, याचा अंदाज बहुतेकांना आलेला नव्हता. मोसमाआधीच्या चाचणीकडे प्रेक्षक आणि वार्ताहर ‘कोण सर्वांत वेगवान’ या एका प्रश्नाने पाहतात. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. भागाकार करून झाला की आपण भाजकाने भागाकाराला गुणून, बाकी मिळवून, मूळ संख्या परत येते का ते पाहतो. त्याला ताळा म्हणतात. मोसमाआधीची चाचणी हा असा ताळा आहे. तिथे तपासली जाते ती गाडी नव्हे, तर ती गाडी ज्या आकडेमोडीतून निघाली ती आकडेमोड.

ही आकडेमोड इतकी नाजूक का, हे समजण्यासाठी आधी हवेचे काम पाहू. वादळात घरावरचे पत्रे उडतात, ते वारा खालून ढकलतो म्हणून जेवढे, तेवढेच वरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो म्हणून. वेग वाढला की दाब घटतो, आणि जास्त दाबाची बाजू कमी दाबाच्या बाजूकडे ढकलते. विमानाचा पंख याच तत्त्वावर वर उचलला जातो. शर्यतीच्या गाडीला तोच पंख उलटा बसवलेला असतो, त्यामुळे तो तिला जमिनीवर दाबतो. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. टायर जितके जोरात जमिनीवर दाबले जातील तितके ते वळणावर घट्ट पकडतात, आणि गाडीचे वजन मात्र वाढत नाही. हा फायदा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी १०० किलोमीटरला जेवढा डाउनफोर्स मिळतो त्याच्या चौपट २०० ला आणि नऊपट ३०० ला. म्हणूनच ही गाडी संथ वळणावर साधारण वाटते आणि वेगवान वळणावर डोळ्यांवर विश्वास बसू नये अशी चिकटून जाते. पण याच वर्गामुळे लहानशी चूकही वेगाबरोबर नऊपट होते.

२०२२ च्या नियमांनी डाउनफोर्सचा मोठा वाटा पंखांकडून गाडीच्या पोटाकडे नेला. सपाट तळाच्या जागी दोन्ही बाजूंनी लांब बोगदे आले. ते पुढे रुंद, मध्ये अरुंद आणि मागे पुन्हा उघडत जाणारे होते. अरुंद जागेतून हवा धावते, दाब पडतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. हा बदल करण्यामागे कारण होते. आधीच्या गाड्या मागे इतकी विस्कटलेली हवा सोडत की त्यांच्या पाठीमागून येणारी गाडी पांगळी होई. फॉर्म्युला वनच्या संयोजकांनीच दिलेल्या आकड्यांनुसार, समोरच्या गाडीपासून १० मीटरवर असलेली जुन्या नियमांची गाडी ४६ टक्के डाउनफोर्स गमावत होती. नव्या नियमांत हा तोटा १८ टक्क्यांवर येणार होता. हेतू चांगला होता आणि शर्यतींच्या दृष्टीने तो बराचसा साधलाही. पण पोटाखालच्या हवेवर विसंबणे म्हणजे जमिनीपासूनच्या काही मिलिमीटरच्या अंतरावर विसंबणे.

उसळण्याची गोष्ट इथूनच सुरू होते. वेग वाढतो तसा डाउनफोर्स गाडीला खाली दाबतो. गाडी खाली गेली की तळ आणि जमीन यांमधली फट आणखी अरुंद होते, हवा आणखी जोरात धावते, ओढ आणखी वाढते आणि गाडी आणखी खाली जाते. पण फट एका मर्यादेपलीकडे चिंचोळी झाली की तळाला आणि जमिनीला चिकटून सरपटणारे हवेचे मंद थर एकमेकांजवळ येतात आणि प्रवाह गुदमरतो. क्षणार्धात ओढ सुटते. सस्पेन्शन आणि टायर दाबलेल्या स्प्रिंगसारखे गाडीला वर फेकतात. फट मोठी होते, प्रवाह पुन्हा धरतो, ओढ परत येते आणि हेच चक्र एका सेकंदात अनेकदा फिरते. पाण्याच्या पृष्ठभागावरून उसळ्या घेत जाणाऱ्या डॉल्फिनच्या जातभाईवरून इंग्रजीत याला ‘पॉर्पॉइझिंग’ हे नाव पडले. २०२२ ला टायरांचेही रूप बदलले होते: १३ इंची रिमऐवजी १८ इंची, त्यामुळे टायरची बाजूची भिंत बुटकी झाली आणि धक्के शोषणारी मऊ गादी कमी झाली. सस्पेन्शनमध्ये उसळी आवरणारे ‘इनर्टर’ नावाचे साधनही त्याच वर्षीपासून बंद झाले. तळ, टायर आणि सस्पेन्शन एकाच वेळी बदलले आणि तिघांच्या संगनमतातून हा त्रास उभा राहिला.

मग वातबोगद्यात हे दिसले कसे नाही? याचे उत्तर नियमपुस्तकात आणि भौतिकशास्त्रात मिळून आहे. नियमांनुसार बोगद्यातली प्रतिकृती खऱ्या गाडीच्या ६० टक्क्यांहून मोठी चालत नाही, आणि हवेचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, याहून जास्त ठेवता येत नाही. हवा तीच असेल तर प्रवाहाचे वागणे ढोबळमानाने आकार आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरते. ऑस्बर्न रेनॉल्ड्झच्या नावाने ओळखली जाणारी संख्या हेच सांगते. आता १८० ला ०.६ ने गुणले की १०८ येतात. म्हणजे पूर्ण जोरात चालणारा बोगदाही, या संख्येपुरते बोलायचे तर, ताशी १०८ किलोमीटरने जाणाऱ्या खऱ्या गाडीइतकीच परिस्थिती उभी करतो. उसळण्याचा त्रास मात्र सरळ रस्त्याच्या टोकाला, ३०० च्या आसपास होत होता. शिवाय बोगद्यातली प्रतिकृती वरून आलेल्या खांबाला धरलेली असते. तिची उंची यंत्राच्या आज्ञेने बदलते, आपल्या मर्जीने ती उडी मारू शकत नाही. तिच्याखाली रस्ता म्हणून पट्टा फिरत असतो आणि त्यावर ती आपटू नये याची काळजी घ्यावी लागते. संगणकाची गोष्टही फार वेगळी नाही. प्रवाहाची रोजची गणिते बहुतेक वेळा गाडी स्थिर धरून आणि भोवऱ्यांची सरासरी काढून केली जातात, कारण क्षणाक्षणाचा हिशेब करायला अफाट वेळ लागतो. जे क्षणाक्षणाला बदलते ते सरासरीत कसे सापडावे?

यावर एक आक्षेप रास्त आहे. उसळणे ही काही नवी गोष्ट नव्हती. लोटस संघाच्या पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सत्तरच्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या वातबोगद्यात आकडे जुळेनासे झाले होते. नीट पाहिल्यावर कळले की प्रतिकृतीचे बाजूचे भाग वाकून जमिनीकडे झुकत होते आणि त्यामुळे डाउनफोर्स वाढत होता. त्या निरीक्षणातून लोटस ७८ आणि मग लोटस ७९ या गाड्या आल्या. १९७८ साली मारिओ अँड्रेटी लोटस ७९ घेऊन विश्वविजेता झाला. पुढच्या वर्षी लोटसचे कॉलिन चॅपमन यांनी हीच कल्पना आणखी ताणून लोटस ८० केली आणि ती इतकी उसळू लागली की तीन शर्यतींतच बाजूला ठेवावी लागली. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला आणि हा सगळा विषय चाळीस वर्षे जुन्या फायलींत गेला. तेव्हा इतिहास माहीत असताना फसले कसे, हा प्रश्न उरतो. माझ्या मते एखादी गोष्ट घडू शकते हे माहीत असणे आणि ती कोणत्या वेगाला, किती उंचीवर, किती जोराने घडेल हे मोजता येणे यांत फार अंतर आहे. अभियंत्याला दुसऱ्या प्रकारचे ज्ञान लागते आणि तेच हाताशी नव्हते. ज्यांना जुना अनुभव होता त्यांना मात्र थोडा फायदा नक्की झाला असावा. २०२२ साली रेड बुलमध्ये असलेल्या एड्रियन न्यूई यांनी साउदॅम्प्टन विद्यापीठात शेवटच्या वर्षाचा प्रबंध याच विषयावर, म्हणजे जमिनीजवळच्या हवेच्या ओढीवर, लिहिला होता. २०२२ मध्ये रेड बुलच्या गाडीला हा त्रास बराच कमी झाला आणि त्या संघाने २२ पैकी १७ शर्यती जिंकल्या.

चाचणीच्या दिवशी हा ताळा प्रत्यक्ष कसा मांडला जातो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. सकाळी गाडी गॅरेजातून निघते तेव्हा तिच्या पुढच्या चाकांच्या मागे धातूची मोठी चौकट उभी केलेली असते. ती गाडीच्याच उंचीची असते आणि शेताच्या कुंपणासारखी आडव्या-उभ्या दांड्यांची. प्रत्येक दांडीवर बारीक नळ्यांची रांग, तोंडे पुढे केलेली. याला रेक म्हणतात. प्रत्येक नळी आपल्या तोंडाशी हवेचा दाब किती आहे एवढेच सांगते, पण अशा कित्येक नळ्यांचे आकडे एकत्र केले की चाकामागे हवेचे भोवरे कुठे आहेत याचा नकाशा तयार होतो. ही चौकट घेऊन वेगवान फेरी मारता येत नाही. चालकाला सांगितलेले असते की सरळ रस्त्यावर ठरलेला वेग जराही कमीजास्त न करता धरून ठेव. पाहणाऱ्याला ती फेरी कंटाळवाणी वाटते, पण अभियंत्यांसाठी दिवसातली ती सर्वांत मोलाची फेरी असते. बोगद्यातही प्रतिकृतीमागे असाच नकाशा काढलेला असतो आणि आता दोन्ही नकाशे शेजारी ठेवले जातात. नजर पुढच्या चाकामागेच असते, कारण फिरणारा, वळणारा आणि भाराने तळाशी चपटा होणारा टायर हे बोगद्यात हुबेहूब उभे करायला सर्वांत अवघड काम आहे, आणि त्याने विस्कटलेली हवाच पुढे तळात शिरते.

दुसरी पद्धत दिसायला अगदी साधी. चमकदार हिरव्या किंवा पिवळ्या रंगाची पूड पातळ तेलात कालवून ती पंखावर, तळाच्या कडेवर किंवा बाजूच्या खोक्यावर, म्हणजे साइडपॉडवर, फासतात. गाडी लगेच बाहेर पडते, एखादी फेरी मारते आणि परत येते. तोवर हवेने तो ओला रंग ओढून त्याच्या रेघा काढलेल्या असतात. जिथे हवा पृष्ठभागाला चिकटून गेली तिथे रेघा सरळ आणि बारीक दिसतात. जिथे ती सुटली तिथे रंग तसाच साचून राहतो किंवा उलट्या दिशेने सरकलेला असतो. गाडी थांबल्याबरोबर छायाचित्रकार वाकून फोटो काढतात, कारण थांबलेल्या गाडीवरचा रंग ओघळू लागला की खूण पुसली जाते. संगणकाने ज्या ठिकाणी प्रवाह चिकटून राहील असे सांगितले होते तिथे रंगाचा थबका दिसला, तर कारखान्यात बसलेल्या माणसांची झोप उडते. एका बोटभर रंगात कित्येक महिन्यांच्या कामाचा निकाल लागतो, यातली सचोटी मला फार मोठी वाटते.

ताळा चुकला की काय होते, याचे ठळक उदाहरण मर्सिडीजचे. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे या संघाने संघांचे विश्वविजेतेपद जिंकले होते. बार्सिलोनात त्यांची डब्ल्यू १३ गाडी नेहमीच्या आकाराची होती. १० ते १२ मार्चला बहारीनमधल्या दुसऱ्या चाचणीत ती बाजूचे खोके जवळजवळ नाहीसे केलेल्या रूपात आली. बोगद्याच्या आकड्यांनुसार तिचा डाउनफोर्स गाडी जमिनीच्या अगदी जवळ असताना सर्वाधिक होता, आणि नेमक्या त्याच उंचीवर ती उसळत होती. म्हणजे कागदावरचा वेग होता, पण तो घेता येत नव्हता. उंची वाढवली की उसळणे थांबे, पण वेगही जाई. जूनमध्ये बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला. ते दृश्य पाहिलेल्या कोणाला हा केवळ सेकंदांचा प्रश्न वाटणार नाही. चालकांच्या शरीराचे रक्षण करण्यासाठी फिया या नियामक संस्थेने त्याच वर्षी बेल्जियमच्या शर्यतीपासून उसळण्याचे मोजमाप आणि त्याची मर्यादा लागू केली, आणि २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटरने वर उचलायला लावल्या. मर्सिडीजने २०२२ मध्ये एकच शर्यत जिंकली, नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला, जॉर्ज रसेलने. संघ तिसरा आला. २०२३ ची गाडीही त्याच कल्पनेवर बांधली. ती कल्पना सोडून नव्या आकाराचे खोके त्यांनी मोनॅकोला बसवले, तेव्हा मे महिना संपत आला होता, आणि त्या वर्षी एकही विजय मिळाला नाही.

इथे कोणी म्हणेल, मग चाचणीचा उपयोग काय झाला? चूक तर फेब्रुवारीतच दिसली होती. पण ताळा न जुळणे एवढेच सांगते की कुठेतरी चुकले आहे. कोणत्या पायरीवर, ते शोधण्यासाठी सगळे गणित पुन्हा सोडवावे लागते. तळ, खोके, सस्पेन्शन, टायर यांपैकी दोषी कोण, हे तीन-तीन दिवसांच्या दोन खेपांत सापडणे शक्य नव्हते. मोसम सुरू झाल्यावर तर शर्यतीच्या आठवड्यात प्रयोगाला वेळच कमी. हा दोष चाचणीचा म्हणता येत नाही. तो तिला दिलेल्या वेळेचा आहे.

आणखी एक आक्षेप काळाच्या ओघाबरोबर जोर धरतो: संगणक इतके सामर्थ्यवान होत असताना बोगदा आणि ट्रॅक यांची गरज किती दिवस राहणार? याचा एक धाडसी प्रयोग होऊन गेला आहे. २०१० साली व्हर्जिन संघाने निक वर्थ यांच्या देखरेखीखाली पूर्ण गाडी केवळ संगणकावरच्या प्रवाहगणितातून घडवली, बोगदा न वापरता. ती संपूर्ण मोसमात एकही गुण मिळवू शकली नाही आणि संघ बारा संघांत शेवटचा राहिला. गाडीची इंधनटाकी लहान पडली, तो दोष अर्थातच हवेच्या गणिताचा नव्हता, आणि संघ नवखा आणि तुटपुंज्या पैशांचा होता हेही मान्य करायला हवे. तेव्हा एवढ्या एका उदाहरणावरून संगणक निरुपयोगी ठरत नाही. पण २०११ मध्ये त्याच संघाने वर्थ यांच्याशी काडीमोड घेऊन मॅक्लारेनशी तांत्रिक करार केला, यातून त्यांचा स्वतःचा निष्कर्ष दिसतो. संगणकाचे उत्तर ज्या गृहीतकांवर उभे असते, ती गृहीतके संगणकच तपासू शकत नाही.

त्याच २०१० साली दुसऱ्या टोकाचे उदाहरण घडले आणि त्यात भारताचा एक चालक होता. एचआरटी या नव्या संघाची गाडी मोसमाआधी एकही दिवस धावली नाही. चेन्नईच्या करुण चांधोकने आपली गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर आणली ती बहारीनमध्ये थेट पात्रता फेरीत. दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या सुरुवातीलाच एका उंचवट्यावर गाडी हातातून सुटली आणि त्याची शर्यत तिथेच संपली. चालकाने, गाडीने आणि अभियंत्यांनी एकमेकांना पाहिलेच नव्हते, तर दुसरे काय होणार होते?

आता स्टॉपवॉचबद्दल. वेळेच्या तक्त्याला मी दुय्यम म्हणतो याचे कारण सरळ आहे. २०२५ पर्यंतच्या नियमांनुसार शर्यतीसाठी जास्तीत जास्त ११० किलो इंधन वापरता येई आणि ढोबळ हिशेबाने दर १० किलोमागे फेरीला सुमारे तीन दशांश सेकंद लागतात. म्हणजे पूर्ण भरलेली आणि जवळजवळ रिकामी टाकी यांत तीन सेकंदांचा फरक पडतो, आणि कोणाच्या टाकीत किती आहे हे बाहेरच्याला कळत नाही. २०१९ च्या बार्सिलोना चाचणीअखेर फेरारीचा सेबॅस्टियन फेटेल १ मिनिट १६.२२१ सेकंदांवर आणि मर्सिडीजचा हॅमिल्टन १ मिनिट १६.२२४ वर होता. तीन सहस्रांश सेकंदांनी फेरारी पुढे. त्यानंतरच्या पहिल्या पाचही शर्यतींत पहिले दोन क्रमांक मर्सिडीजने घेतले. तरी स्टॉपवॉच नेहमीच खोटे बोलते असेही नाही. २००९ साली होंडाने माघार घेतल्यावर रॉस ब्रॉन यांनी वाचवलेला संघ मार्चमध्ये फार उशिरा चाचणीला आला आणि इतक्या वेगाने धावला की प्रायोजक मिळवण्यासाठी गाडी हलकी ठेवली असावी, असा संशय घेतला गेला. तो वेग खरा निघाला. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत त्यांनी पहिले दोन्ही क्रमांक घेतले, जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. मोजक्याच दिवसांची चाचणी त्यांना पुरली, कारण होंडाच्या काळात त्या गाडीवर भरपूर काम झाले होते आणि तिचे गणित पहिल्याच दिवशी जुळले. ज्याचे जुळते त्याला थोडा वेळ पुरतो. ज्याचे चुकते त्याच्यासाठी दिवसांची संख्या निर्णायक ठरते.

चाचण्या कमी का केल्या, यामागचा विचार मला पटतो. एके काळी फेरारीसारखा संघ स्वतःच्या फिओरानोच्या ट्रॅकवर वाटेल तेव्हा गाडी काढत असे आणि गरीब संघ नुसते पाहत राहत. २००९ पासून मोसम चालू असतानाच्या चाचण्यांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. बोगद्याच्या वेळेलाही आता उतरंड आहे: विजेत्या संघाला ठरलेल्या मापाच्या ७० टक्के, दहाव्याला ११५ टक्के. पैशाने शर्यत विकत घेता येऊ नये, यासाठी हे योग्यच आहे. पण बोगद्याचा वेळ कमी करणे आणि ताळ्याचा वेळ कमी करणे यांत फरक करायला हवा. नियम जुनेच असतील तर तीन दिवस पुरतात, कारण गेल्या वर्षीचे गणित तपासून झालेले असते. नियम मुळापासून बदलले की सगळेच नवे असते आणि तिथे केलेली काटकसर चालकाच्या पाठीच्या कण्यावर येते. २०२५ साली जुन्या नियमांच्या शेवटच्या वर्षी बहारीनमध्ये तीन दिवसांची चाचणी झाली. २०२६ साठी इंजिन, तळ आणि हलते पंख असे सगळेच बदलले, तेव्हा वेळापत्रकात प्रत्येक संघासाठी बार्सिलोनात तीन आणि बहारीनमध्ये सहा, असे नऊ दिवस ठेवण्यात आले.